केशरोपणासाठी दवाखाना निवडताना नेमके काय पारखावे?

विहंग:

सर्वांना नमस्कार. माझे वय २८ आहे. वयाच्या २२ व्या वर्षापासून कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे हटू लागले आणि गेल्या दोन वर्षांत डोक्यावरच्या भोवऱ्याभोवतीही विरळपणा आला आहे. वडिलांचे पस्तिशीतच टक्कल पडले होते. कानांच्या वरून मागे जाणारी केसांची पट्टी तेवढी राहिली. थोरल्या मामांचेही तसेच झाले. त्यामुळे पुढे काय होणार याची मला कल्पना आहे, तरी रोज सकाळी कंगव्यात अडकलेले केस पाहताना मन खट्टू होतेच.

गेल्या दोन महिन्यांत मी तीन ठिकाणी जाऊन आलो. पहिल्या ठिकाणी २,२०० ग्राफ्ट, म्हणजे डोक्याच्या मागून काढून पुढे लावायचे केसांचे गुच्छ, लागतील असे सांगितले, दुसऱ्या ठिकाणी ३,००० आणि तिसऱ्या ठिकाणी ४,५००. एकाच डोक्यासाठी इतके वेगळे आकडे कसे येतात, हे मला समजलेले नाही. कोणी एफयूई, म्हणजे एकेक ग्राफ्ट सुटा काढण्याची पद्धत, सांगतो, कोणी त्याचीच नीलमणी पात्याची सुधारित पद्धत म्हणून काही सांगतो, कोणी डीएचआयचे नाव घेतो, आणि प्रत्येकाच्या मते इतर पद्धती जुन्या झालेल्या आहेत.

तिसऱ्या ठिकाणी घडलेला प्रसंग सविस्तर सांगतो. तेथील सल्लागाराने जांभळ्या मार्करने माझ्या कपाळावर नवी रेष आखली आणि हातात आरसा दिला. मी सतरा वर्षांचा असताना केस जिथून सुरू होत, जवळजवळ तिथेच ती रेष होती. त्या क्षणी मी होकार देणारच होतो. मग त्यांनी सांगितले, की आज संध्याकाळपर्यंत आगाऊ रक्कम भरल्यास मोठी सवलत मिळेल. डॉक्टरांना भेटता येईल का, असे विचारल्यावर ‘शस्त्रक्रियेच्या दिवशी भेटतीलच’ हे उत्तर आले. त्या उत्तरामुळे मी थांबलो आणि विचार करून कळवतो असे सांगून घरी आलो. साबणाने दोनदा घासूनही ती रेष दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुसट दिसत होती.

माझे प्रश्न असे आहेत. माझ्यासारख्याने या वयात केशरोपण करावे का? करायचे ठरल्यास दवाखाना विश्वासाचा आहे हे जाहिराती आणि फोटो यांच्यापलीकडे जाऊन कसे ओळखावे? ज्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे, किंवा ज्यांना या क्षेत्राची आतून माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

औदुंबर:

विहंग, तुमच्या कपाळावरच्या जांभळ्या रेषेपाशी मी वाचताना बराच वेळ थांबलो, कारण १३ वर्षांपूर्वी माझ्याही कपाळावर तशीच रेष आखली गेली होती आणि मी त्याच संध्याकाळी पैसे भरले होते. तेव्हा मी २६ वर्षांचा होतो. त्या दवाखान्याचे नाव लिहिणार नाही. काय घडले ते मात्र सगळे सांगतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी डॉक्टर आले, त्यांनी रेषेवर एक नजर टाकली, भुलीची पहिली काही इंजेक्शने दिली आणि ते निघून गेले. मी पालथा झोपलेलो असल्यामुळे कोणाचा चेहरा दिसत नव्हता. आळीपाळीने बोलणारे दोन आवाज फक्त ऐकू येत होते. डोक्याच्या मागून ग्राफ्ट काढणे आणि पुढे ते बसवण्यासाठी चिरा देणे, ही दोन्ही कामे त्या दोघांनीच केली. डॉक्टर पुन्हा दिसले ते संध्याकाळी, पट्टी बांधून झाल्यावर. पावतीवर २,८०० ग्राफ्ट असा आकडा होता. तो कोणी मोजला, हे मला आजही माहीत नाही.

पहिली दोन वर्षे मी समाधानात होतो. पण बसवलेले केस टिकले आणि त्यांच्या मागचे माझे मूळचे केस गळतच राहिले, कारण गळती थोपवण्यासाठी औषध घ्यावे लागते हे मला कोणीही सांगितले नव्हते. एकतिशीपर्यंत माझ्या डोक्यावर पुढे केसांचे कुंपण आणि मागे मोकळे अंगण अशी अवस्था झाली. पुढची रेष एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत फूटपट्टीने ओढल्यासारखी सरळ होती आणि अगदी पहिल्या ओळीतच तीन-तीन केसांचे जाड ग्राफ्ट बसवलेले असल्यामुळे ती जवळून ब्रशासारखी दिसायची. डोक्याच्या मागेही ग्राफ्ट एकाच पट्ट्यातून दाटीने काढल्यामुळे तिथे चट्टे पडले होते. एकदा केस बारीक कापताना न्हाव्याने काळजीने विचारले, ‘साहेब, लहानपणी डोक्याला काही भाजले होते का?’ त्यानंतर कित्येक वर्षे मी केस बारीक कापून घेतले नाहीत.

वयाच्या ३६ व्या वर्षी मी दुरुस्ती करून घेतली. त्या सर्जननी पहिल्या भेटीत तासभर तपासले आणि चक्क नकार दिला. वर्षभर औषध घ्या, गळती स्थिरावते का ते पाहू आणि मगच ठरवू, असे त्यांचे म्हणणे पडले. वर्षानंतर त्यांनी पुढच्या ओळीतले जाड ग्राफ्ट पंचाने, म्हणजे केसांभोवती गोल कापणाऱ्या बारीक नळीसारख्या हत्याराने, काढून, सूक्ष्मदर्शकाखाली सुटे करून मागच्या बाजूला लावले आणि नवी रेष जुन्या रेषेच्या सुमारे दीड सेंटीमीटर वर, मुद्दाम थोडी वेडीवाकडी आखून तिथे एकेका केसाचे ग्राफ्ट बसवले. मागचा भाग आधीच पंचाने उपसलेला असल्यामुळे जास्तीचे ग्राफ्ट पट्टी कापून, म्हणजे एफयूटी पद्धतीने, घ्यावे लागले. तिची एक आडवी खूण मागे आहे. केस थोडे वाढवले की ती झाकली जाते. आज मला आरशात पाहताना त्रास होत नाही, पण जे ग्राफ्ट पहिल्या वेळी वाया गेले ते परत मिळणार नव्हते आणि मिळाले नाहीत.

या सगळ्यातून शिकलेली एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची मानतो. रेष कोण आखणार, भूल कोण देणार, ग्राफ्ट कोण काढणार आणि चिरा कोण देणार, या चार प्रश्नांची उत्तरे माणसांच्या नावांसह आणि त्यांच्या पात्रतेसह संमतीपत्रावर लिहून मागा. तोंडी सांगायला सगळेच तयार असतात. लिहून द्यायची वेळ आली की कोण पुढे येतो ते कळते. दुसरे असे, की शस्त्रक्रियेला पाच वर्षे होऊन गेलेल्या एखाद्या रुग्णाला प्रत्यक्ष भेटता येईल का, असे विचारा. फोटोंवर विसंबू नका. आधीचा फोटो ओल्या केसांचा, डोक्यावर थेट दिवा पाडून काढलेला आणि नंतरचा फोटो कोरडे, वाढवलेले केस पुढे विंचरून मंद उजेडात काढलेला, एवढ्या फरकावर निम्मा चमत्कार घडवता येतो. केस ओले असताना, भरपूर उजेडात, कंगव्याने मागे सारत काढलेला व्हिडिओ मागा. माझे स्पष्ट मत असे आहे, की तिशीच्या आत कोणीही केशरोपण करू नये.

त्वचावैद्य:

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. मी स्वतः केशरोपण करत नाही, परंतु शस्त्रक्रियेआधी आणि शस्त्रक्रिया बिघडल्यानंतर, अशा दोन्ही अवस्थांतले रुग्ण माझ्याकडे येतात. औदुंबर यांनी आपला अनुभव मोकळेपणाने लिहिला, त्याबद्दल त्यांचे आभार. वयाच्या बाबतीत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. २९ वर्षांच्या माणसाची गळती औषधाने स्थिरावलेली असू शकते आणि ३५ वर्षांच्या माणसाची वेगाने चालू असू शकते. म्हणून वयाचा आकडा पाहण्यापेक्षा गळती स्थिर आहे का हे पाहावे. पंचविशीच्या आत टक्कल कुठवर जाणार याचा अंदाज बांधणे फार कठीण असते, हे मात्र खरे.

विहंग, तुम्हाला मिळालेले तीन आकडे मला अजिबात चक्रावून टाकणारे वाटत नाहीत. निरोगी डोक्यावर दर चौरस सेंटीमीटरला केसांचे सुमारे ८० नैसर्गिक गुच्छ असतात आणि एका गुच्छात १ ते ४ केस असतात. एक ग्राफ्ट म्हणजे असा एक गुच्छ. मूळच्या साधारण निम्म्या दाटपणापर्यंत विरळपणा डोळ्यांना फारसा जाणवत नाही, म्हणून चौरस सेंटीमीटरला ४० च्या आसपास ग्राफ्ट बसवले तरी ते भागते. आता रेष एक सेंटीमीटर खाली आणली आणि कपाळाची रुंदी १५ सेंटीमीटर धरली, तर १५ चौरस सेंटीमीटर नवी जागा तयार होते आणि तिथे ६०० ग्राफ्ट लागतात. त्यात भोवराही भरायचे ठरवले की आकडा आणखी वाढतो. म्हणजे पहिल्याने बहुधा तुमचे फक्त कोपरे मोजले आणि तिसऱ्याने तुमचे सतरावे वर्ष अधिक भोवरा असे दोन्ही मोजले. आकडा डोक्यावर अवलंबून असतोच, पण त्याहून अधिक तो रेष आखणाऱ्याच्या विवेकावर अवलंबून असतो.

हिशेबाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. वडिलांसारखे टक्कल पूर्ण पडले, तर सुमारे २०० चौरस सेंटीमीटर जागा उघडी पडते; ४० च्या दराने तिला ८,००० ग्राफ्ट लागतील. डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या सुरक्षित पट्ट्यातून मात्र आयुष्यभरात मिळून ६,००० च्या आसपास ग्राफ्ट सुखरूप काढता येतात, काहींच्या बाबतीत त्याहून बरेच कमी. तिथले केस पुन्हा उगवत नाहीत. ते फक्त जागा बदलतात. ही साठवण एकदाच मिळते. ज्या माणसाचे टक्कल अजून वाढणार आहे, त्याचे ४,५०० ग्राफ्ट २८ व्या वर्षी एका दमात खर्च केले, तर चाळिशीत त्याच्यासाठी कोणत्याही सर्जनकडे फारसे काही उरत नाही.

मागचे केस पुढे लावल्यावर टिकतात, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातून पुढे आले. केस नव्या जागेचे गुण घेत नाही, मूळ जागेचे गुण घेऊन येतो, असे त्यांना आढळले. पुढची कित्येक वर्षे चार मिलिमीटरच्या पंचाने केसांचे झुबके लावले जात आणि डोके बाहुलीच्या डोक्यासारखे दिसे. आता पंच एक मिलिमीटरच्या आत आला आहे आणि ग्राफ्ट एकेका गुच्छाचा असतो, म्हणून परिणाम नैसर्गिक दिसू शकतो. पद्धतींच्या नावांबद्दल थोडक्यात सांगायचे तर एफयूई आणि एफयूटी हे ग्राफ्ट काढण्याचे दोन मार्ग आहेत. नीलमणी हे चिरा देण्याच्या पात्याचे द्रव्य आहे, आणि डीएचआयमध्ये पेनसारख्या उपकरणाने ग्राफ्ट बसवतात. पाते कोणतेही असले तरी चिरेचा कोन, दिशा आणि खोली हात ठरवतो. आणि एफयूईने व्रण राहत नाही, हा दावा खोटा आहे. प्रत्येक पंचाचा एक पांढुरका ठिपका राहतोच.

आता निदानाविषयी, कारण दवाखाना पारखण्याची पहिली पायरी तिथेच आहे. वंशपरंपरेने येणाऱ्या टकलात डीएचटी या संप्रेरकामुळे केस एकदम गळून न पडता वाढीच्या दर फेरीत थोडे बारीक आणि आखूड होत जातात. पण केस विरळ होण्याची कारणे अनेक आहेत. थायरॉइडचा बिघाड, लोहाची कमतरता, मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती, चाईसारखे विकार, केसाचे मूळच कायमचे नष्ट करणारे दाहाचे विकार, हे सारे वेगळे ओळखावे लागते. काही पुरुषांत मागच्या सुरक्षित पट्ट्यातले केसही बारीक होत असतात. त्यांना केशरोपण करूच नये. ज्या ठिकाणी कोणी भिंगातून तुमची टाळू आणि विशेषतः मागचा भाग पाहिला नाही, त्या ठिकाणी सांगितलेल्या ग्राफ्टच्या आकड्याला काही अर्थ नाही.

मुख्य औषधे दोन आहेत. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. टाळूला लावण्याचे त्याचे द्रावण अमेरिकेत १९८८ मध्ये मान्य झाले. फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी १९९७ मध्ये तिथेच पुरुषांसाठी मान्य झाली. ही गोळी डीएचटी कमी करते. काही जणांना कामेच्छा कमी होणे, लैंगिक अडचणी किंवा मन उदास होणे असे त्रास होतात, म्हणून ती डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलूनच सुरू करावी. दोन्ही औषधे थांबवली की मिळालेला फायदा काही महिन्यांत ओसरतो. शस्त्रक्रिया गेलेली जागा भरते, उरलेले केस औषध राखते. जो दवाखाना दुसऱ्या गोष्टीचे नावही काढत नाही, त्याला पहिली गोष्ट फक्त विकायची असते.

एक प्रश्न रुग्ण कधीच विचारत नाहीत, तो मी विचारायला सांगतो. भूल म्हणून वापरल्या जाणाऱ्या लिग्नोकेनची मर्यादा वजनावर ठरते. ॲड्रेनॅलिन मिसळलेले असल्यास ती दर किलोला ७ मिलिग्रॅम मानतात. ६० किलो वजनाच्या माणसाला ही मर्यादा ४२० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्के द्रावणाचे २१ मिलिलिटर होते. दिवसभर चालणाऱ्या शस्त्रक्रियेत पुन्हा पुन्हा इंजेक्शने देताना ही बेरीज कोणी ठेवत नसेल तर ओठांभोवती बधिरपणा, तोंडात धातूची चव, कानांत आवाज आणि पुढे झटके किंवा हृदय बंद पडण्यापर्यंत पाळी येऊ शकते. म्हणून ‘भुलीच्या मात्रेची नोंद कोण ठेवते, माझी नाडी आणि रक्तदाब कशावर पाहिला जाईल, ऑक्सिजन आणि भुलीची बाधा झाल्यास शिरेतून देण्याचे लिपिड इमल्शन इथे आहे का’ हे सरळ विचारा. ज्यांना हे प्रश्न ऐकून बरे वाटते, ते डॉक्टर चांगले.

पाऊलवाट:

स्त्रियांनीही हे वाचावे म्हणून लिहिते. माझे वय ४६ आहे. कपाळावरची केसांची रेष पट्ट्यासारखी मागे गेली, म्हणून दोन ठिकाणी मला केशरोपणाची तारीखही मिळाली होती. तिसऱ्या डॉक्टरांनी आधी विचारले, ‘तुमच्या भुवया कधीपासून विरळ झाल्या?’ भुवया दोन वर्षे आधीपासून विरळ होत होत्या आणि मी पेन्सिलीने त्या रंगवत होते. या दोन गोष्टींचा संबंध असेल असे माझ्या मनातही आले नव्हते. बायोप्सीत फ्रंटल फायब्रोसिंग ॲलोपेशिया निघाला. त्यात दाहामुळे केसांची मुळे नष्ट होतात आणि तो दाह चालू असताना लावलेले केसही त्याच वाटेने जाऊ शकतात. त्या प्रश्नामुळे माझे मागचे केस वाचले. दोन वर्षांपासून उपचार चालू आहेत आणि रेष आता स्थिर आहे.

केतकी:

मी नऊ वर्षे केशरोपणाच्या शस्त्रक्रियागृहात साहाय्यक म्हणून काम करते आहे, म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूने थोडे लिहिते. औदुंबर यांच्यावर अन्याय झाला यात शंका नाही, पण साहाय्यक असणे हीच चूक असे कोणी समजू नये. दोन हजार ग्राफ्टचे काम एकट्या डॉक्टरांच्या हातून होत नाही. ग्राफ्ट सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, त्यांची वर्गवारी करणे, मोजणे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली आधी दिलेल्या चिरांत बसवणे, हे प्रशिक्षित साहाय्यक करतात आणि चांगले करतात. त्वचा छेदण्याचे काम, म्हणजे पंच चालवणे आणि चिरा देणे, डॉक्टरांचेच असले पाहिजे. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ हेअर रिस्टोरेशन सर्जरी ही केशरोपण करणाऱ्या डॉक्टरांची १९९३ मध्ये स्थापन झालेली संघटनाही अपात्र माणसांकडून होणाऱ्या अशा शस्त्रक्रियांविरुद्ध लोकांना सावध करत आली आहे.

माझ्या हाताखालून जे जाते ते सांगते. चांगला ग्राफ्ट भिंगाखाली ओलसर चकाकतो, मुळाशी फुगीर गाठ असते आणि भोवती चरबीचे पातळ अस्तर असते. पंच तिरपा गेला की ती गाठ आतच राहते आणि हाती येते ते नुसते कापलेले काडीसारखे टोक. असा ग्राफ्ट बाजूला काढून त्याची नोंद करायची असते. आम्ही ग्राफ्ट थंड सलाइनमध्ये भिजलेल्या जाळीवर दहा-दहाच्या ओळींत मांडतो, कारण ग्राफ्ट हवेत काही मिनिटे जरी कोरडा पडला तरी मरतो आणि मेलेला ग्राफ्ट बसवताना जिवंत ग्राफ्टासारखाच दिसतो. तो उगवला नाही हे वर्षानंतर कळते. म्हणून एका दिवशी एका डॉक्टरांच्या नावावर किती रुग्ण घेतले जातात, हा प्रश्न अवश्य विचारा. मोठे काम सहा ते आठ तास चालते. एकाच डॉक्टरांचे तीन-चार रुग्ण एकाच सकाळी टेबलावर असतील, तर काय चालले आहे ते तुमचे तुम्हाला समजेल.

आणखी एक गोष्ट. ग्राफ्ट मोजू नका, केस मोजा. तीन केसांचा एक ग्राफ्ट फोडून त्याचे तीन केले की पावतीवरची संख्या तिप्पट होते आणि डोक्यावर केस तेवढेच राहतात. पहिल्या ओळीसाठी लागणारे एकेका केसाचे ग्राफ्ट कमी पडले तर थोडे फोडावे लागतात, ते योग्यच आहे, पण सरसकट फोडणे ही फसवणूक आहे. आमच्याकडे एक, दोन, तीन आणि चार केसांचे ग्राफ्ट वेगवेगळे मोजून तक्ता भरतात आणि त्याची प्रत रुग्णाला देतात. तुम्हीही तो तक्ता आधीच मागून ठेवा.

विहंग:

सर्वांचे मनापासून आभार. दोन महिन्यांनी लिहितो आहे, कारण तुम्ही सांगितल्याप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आधी एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी भिंगातून पुढचा, मधला आणि मागचा भाग वेगवेगळा पाहिला, रक्ततपासण्या करून घेतल्या आणि टक्कल वंशपरंपरेचेच आहे, मागचा पट्टा चांगला आहे, असे सांगितले. औषधे सुरू केली. त्यानंतर एका सर्जनना भेटलो. त्यांनी मागचे केस कंगव्याने उलटे सारून चार ठिकाणी दाटपणा मोजला, वडिलांचा अलीकडचा फोटो मागून घेतला आणि मग पांढऱ्या पेन्सिलीने रेष आखली. ती जांभळ्या रेषेच्या चांगली दोन बोटे वर होती. पहिल्यांदा पाहताना मला वाईट वाटले, हे कबूल करतो. त्यांनी वडिलांचा फोटो माझ्या चेहऱ्याशेजारी धरला आणि म्हणाले, की ही रेष पन्नाशीतही शोभेल, त्या दुसऱ्या रेषेच्या मागे तोवर काही उरणार नाही. पुढच्या भागासाठी १,८०० च्या आसपास ग्राफ्ट पुरतील, भोवऱ्याला आता हात लावायचा नाही, आणि हेही १२ महिने औषध घेऊन झाल्यावरच, असे त्यांनी लिहून दिले. चार प्रश्नांपैकी तीन प्रश्नांवर, म्हणजे रेष, पंच आणि चिरा यांवर, त्यांनी स्वतःचे नाव घातले आणि चौथ्यावर भूलतज्ज्ञांचे.

शस्त्रक्रिया करू नका असे तुम्ही शेवटचे कोणाला सांगितलेत, असेही मी विचारले. ‘परवाच, एका २१ वर्षांच्या मुलाला, त्याची आई सोबत होती,’ असे उत्तर त्यांनी लगेच दिले. तिसऱ्या दवाखान्यालाही मी तेच चार प्रश्न लेखी पाठवले होते. ‘आमचा चमू अत्यंत अनुभवी आहे’ एवढेच उत्तर आले आणि सवलतीची मुदत आठवडाभर वाढल्याचे कळवण्यात आले.

आता एक शंका आहे. मिनॉक्सिडिल सुरू करून पाच आठवडे झाले आणि केस आधीपेक्षा जास्त गळत आहेत. उशीवर, आंघोळीच्या पाण्यात, सगळीकडे केस दिसतात. औषध थांबवावे का?

त्वचावैद्य:

विहंग, घाबरू नका आणि आपल्या मनाने औषध थांबवू नका. सुरुवातीच्या काही आठवड्यांत अशी गळती अनेकांना होते. विश्रांतीच्या अवस्थेत असलेले जुने केस या औषधामुळे लवकर सुटतात आणि त्याच मुळांतून नव्या वाढीची फेरी सुरू होते. ही गळती साधारणपणे काही आठवड्यांत ओसरते. छातीत धडधड, चक्कर, पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज, किंवा टाळूवर फार आग होणे, असे काही झाल्यास मात्र लगेच तुमच्या डॉक्टरांना कळवा. औषधाचा खरा परिणाम सहा महिन्यांच्या आत ठरवता येत नाही.

औदुंबर:

दोन बोटे वर असलेल्या रेषेवर तुम्ही राजी झालात, हे वाचून मला फार बरे वाटले. गळालेले केस रोज मोजत बसू नका. मी तो छळ स्वतःचा केला आहे आणि त्यातून कळत काहीच नाही. त्याऐवजी दर तीन महिन्यांनी फोटो काढा. खिडकी तीच, वेळ तीच, केस धुऊन पूर्ण वाळलेले, कापून तितकेच दिवस झालेले, आणि फोटो चार: समोरून, दोन्ही कोपरे कपाळ किंचित झुकवून, आणि भोवरा वरून. भोवऱ्याचा फोटो घरातल्या कोणाकडून काढून घ्या, आणि उभे राहण्याच्या जागेवर फरशीला चिकटपट्टीची खूण करून ठेवा, म्हणजे अंतर बदलणार नाही. पहिले चार फोटो आजच काढून ठेवा. पाच आठवडे होऊन गेलेच आहेत, आणि वर्षानंतर त्या सर्जनसमोर बसाल तेव्हा तुलनेला दुसरे काही हाताशी नसेल.